सहा दिवसांची मिशन ट्रिप: आधी गुडघे, मग फोन, मग बॅग

दर वर्षी नाताळ उरकला की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणीतरी उठतं आणि म्हणतं, यंदा मिशन ट्रिपला जाऊया, म्हणजे लांबच्या एखाद्या मंडळीकडे काही दिवस प्रार्थनेला आणि मदतीला. मग व्हॉट्सअॅप ग्रुप निघतो, ग्रुपला डीपी लागतो, टी-शर्टचा रंग कोणता यावर शंभर मेसेज पडतात, आणि कुठे जायचं, कोणाकडे जायचं, त्यांना आपण यायला हवेत का, हे सगळं त्याच्यानंतर. मी स्वतः हेच केलंय म्हणून नावं ठेवत नाही. आमच्या आतापर्यंत चार ट्रिपा ठरल्या, त्यातल्या दोन बऱ्या झाल्या, एक फसली आणि एक निघालीच नाही. नवीन टीमा सारखं विचारत असतात म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून टाकतो.

आम्ही पुण्यातून जातो नंदुरबार जिल्ह्यात नवापूर तालुक्यात, मावची बोलणाऱ्या एका छोट्या मंडळीकडे. खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी काम उभं केलं, त्यामुळे तिथे आपण कोणाला पहिल्यांदा येशू सांगायला चाललोय अशा थाटात जायचं कारण नाही. काही घरांमध्ये ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्यात, आपल्या टीममधल्या निम्म्या पोरांच्या घरात तेवढ्याही नसतील. हे डोक्यात पक्कं बसलं की अर्ध्या चुका तिथेच टळतात.

प्रार्थना, म्हणजे नक्की काय करायचं

"प्रार्थनेने ठरवलं" असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात होतं काय, तर आधी ठरतं, मग शेवटी दोन मिनिटं डोळे मिटून त्यावर शिक्का मारला जातो. आम्ही पहिल्या ट्रिपला तेच केलं.

आता आम्ही सहा आठवडे घेतो. या सहा आठवड्यांत तारीख ठरवायची नाही, तिकीट काढायचं नाही, पैसे गोळा करायचे नाहीत. दर बुधवारी एक वेळचा उपास आणि संध्याकाळी तासभर बैठक, त्यात गाणी दोनच, नाहीतर सगळा तास गाण्यातच जातो आणि सगळ्यांना छान वाटून घरी जातात. बाकी दिवशी ज्याने त्याने आपल्या घरी. एक वही ठेवायची, साधी शंभर पानी, पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे काय मागितलं, उजवीकडे काय कळलं, कोणाकडून आणि कुठल्या तारखेला. उजवी बाजू आठवडेच्या आठवडे रिकामी राहते. राहू दे, भरायची म्हणून भरू नका.

आणि एक नियम, हा आमच्या पाळकबाईंनी (पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, पास्टर) घातला आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो: बैठकीत कोणी "देवाने मला सांगितलं" असं म्हणायचं नाही. "मला असं वाटतंय, तुम्ही तपासा" असं म्हणायचं. कारण एकदा का देवाने सांगितलं म्हटलं की पुढे बोलायची कोणाची हिंमत होत नाही, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचीच ट्रिप होते.

यात नवीन काहीच नाही. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास आणि प्रार्थना करत होती, बर्णबा आणि शौल यांना मंडळीने मिळून पाठवलं, ते दोघं आपापले निघाले नाहीत. १६ वा अध्याय तर प्रत्येक टीमने मोठ्याने वाचावा. पौलाला (म्हणजे त्याच शौलाला) आसियात जायचं होतं, अडवलं गेलं, बिथुनियात जायचं होतं, पुन्हा अडवलं गेलं, मग त्रोवसला रात्री दृष्टांतात मासेदोनियाचा माणूस दिसला. आणि दृष्टांतात दिसला पुरुष, पण तिथे पोचल्यावर नदीकाठी भेटल्या बायका आणि घर उघडलं ते लुदियाने, म्हणजे मार्गदर्शन खरं असलं तरी तपशील आपल्या मनासारखे निघतील असं नाही. माझा लाडका मात्र बायबलमधलाच नहेम्या, परक्या राजाच्या दरबारात चाकरी करणारा यहूदी. किसलेव महिन्यात त्याने यरुशलेमची बातमी ऐकली, रडला, उपास केला, आणि राजापुढे तोंड उघडलं ते नीसान महिन्यात, मध्ये चारेक महिने गेले. पण राजाने काय हवं विचारल्यावर त्याची यादी तयार होती, सुभेदारांसाठी पत्रं, लाकडासाठी राजाचं रान सांभाळणाऱ्या आसाफाच्या नावाचं पत्र, परत यायची मुदत. चार महिने हा माणूस नुसता डोळे मिटून बसला नव्हता हे उघड आहे.

आणि लांब कशाला, आपल्या केडगावचं उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी १९०५ च्या जानेवारीत मुक्ती मिशनमध्ये रोजच्या खास प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं तेव्हा सत्तरच्या आसपास मुली आल्या, जूनपर्यंत तो आकडा पाचशेच्या वर गेला, आणि आजूबाजूच्या गावांत प्रार्थना करत जाणाऱ्या मुलींच्या टोळ्या निघाल्या त्या यातून. आधी काही महिने गुडघे, नंतर गाव.

मग फोन

सहा आठवड्यांतल्या तिसऱ्या आठवड्यात यजमान मंडळीच्या पाळकाला फोन करायचा. शेवटी नाही, मध्येच. कारण उजव्या रकान्यात जे येतं त्यातलं अर्धं या फोनवरून येतं, हे मला फसलेल्या ट्रिपने शिकवलं.

झालं असं, आम्ही प्रार्थना वगैरे करून जानेवारीचा दुसरा आठवडा ठरवला, थंडी छान, कॉलेजला सुट्टी मिळते, सगळं जुळत होतं आणि जुळतंय म्हणजे देवाची इच्छा असं आम्ही धरून चाललो. पाळकसाहेबांना फक्त कळवलं, विचारलं नाही. ते म्हणाले या. गेलो तर पाड्यावर दर दुसऱ्या घराला कुलूप. दिवाळीनंतर त्या भागातली कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जातात ती उन्हाळ्यात परत येतात, मागे उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे सोपवलेली नातवंडं. आम्ही तीस कुटुंबांसाठी तयारी करून गेलेलो आणि संध्याकाळच्या सभेला अकरा माणसं, त्यात दोन झोपलेली. मी शेवटी पाळकसाहेबांना म्हटलं, सांगायचं तरी होतं. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही तारीख सांगितली, विचारली कुठे?"

तेव्हापासून फोनवर हे विचारतो: तुमच्याकडे यंदा काय चाललंय, कोण आजारी आहे, लोक घरी कधी असतात, पेरणी-कापणी-लग्नं-होळी कधी, आम्ही आलो तर मदत होईल की खर्च वाढेल, आणि आम्ही न येता पैसे पाठवले तर जास्त बरं का. शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण विचारा.

आणि उत्तर नीट ऐका. आपल्याकडे पाहुण्याला कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. "बघू", "तुमची इच्छा", "देवाची मर्जी असेल तसं", "या ना, तुमचंच घर आहे" पण तारखेचं काहीच बोलत नाहीत, हे सगळे नकार आहेत. जी ट्रिप निघाली नाही तिथे एका पाळकांनी आम्हाला दोनदा "बघू" म्हटलं, टीममधल्या काहींना वाटलं सैतान अडथळा आणतोय, अजून जोरात प्रार्थना करू. पाळकबाई म्हणाल्या, अडथळा नाही, तो माणूस नाही म्हणतोय. आम्ही थांबलो. नंतर कळलं की त्या गावात दफनाच्या जागेवरून कुरबुर सुरू होती आणि बाहेरून आठ-दहा जणांचं टोळकं गाडीतून उतरलं असतं तर त्याचा भार त्या तीन-चार ख्रिस्ती घरांवर पडला असता, आम्ही आपले रविवारी पुण्यात साक्ष देत, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीपुढे सांगत, बसलो असतो.

कायदा आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण टाळू नका. घटनेचं कलम २५ धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. पण १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क येत नाही. नवापूर म्हणजे तर अगदी सीमेवर, स्टेशनवरच्या त्या प्रसिद्ध बाकड्याचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातमध्ये, आमची पोरं तिथे फोटो काढतात. मजा आहे, पण बाकड्यावर सरकून बसलात की कायदा बदलतो. गुजरातमध्ये २००३ चा धर्मांतराबद्दलचा कायदा आहे, २०२१ मध्ये तो आणखी कडक केला. जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश लागतो, तिथे २०२१ चा कायदा. या कायद्यांत प्रलोभनाची व्याख्या बरीच रुंद आहे, भेटवस्तूसुद्धा त्यात येते. महाराष्ट्रासकट कुठल्याही राज्यात जाताना त्या महिन्यातली परिस्थिती काय आहे हे ओळखीच्या वकिलाला विचारून घ्या, मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका.

आमचे स्वतःचे नियम यापेक्षा सोपे आहेत. बाप्तिस्मा हा पाहुण्या टीमचा विषयच नाही. वाटप आणि प्रार्थना एका ठिकाणी, एका वेळी करायची नाही. अठराच्या खालच्या मुलांसाठी काहीही घ्यायचं तर आईवडील तिथे हजर. आम्ही येतोय हे पोलीस पाटलांना पाळकसाहेब आधी सांगून ठेवतात, टीमची नावं आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स त्यांच्याकडे असतात. लपवण्यासारखं काही नसताना लपूनछपून आल्यासारखं वागू नका.

परदेशातला कोणी सोबत येणार असेल तर आधीच थांबवा. "माझा चुलतभाऊ न्यू जर्सीहून येतोय, त्याला पण घेऊया" हे दरवेळी होतं. टूरिस्ट व्हिसावर धर्मप्रचाराचं काम चालत नाही, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असलं तरी मिशनरी कामासाठी खास परवानगी लागते, २०२१ च्या अधिसूचनेत तसं स्पष्ट लिहिलंय. त्याने पुण्यातच राहावं, घरून प्रार्थना करावी. तिकडून पैसे पाठवायची त्याची इच्छा असेल तर तेही परस्पर कोणाच्या खात्यात घेऊ नका, परदेशी देणगीचा एफसीआरए कायदा वेगळा आहे आणि तो गमतीचा विषय नाही.

टीम

नऊ माणसं. याच्यावर एकही नाही. कारण सांगतो, नऊ माणसं म्हणजे रोज अंघोळीच्याच नऊ बादल्या, आणि ते पाणी कोणीतरी हापशावरून डोक्यावर आणतं, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा पाळकसाहेबांची मुलगी असते. पहिल्या वेळी आम्ही सतरा जण गेलो होतो. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

नवातल्या पाच तरी बायका असू द्या, कारण घरात आत, चुलीपाशी जाऊन बसता येतं ते त्यांनाच. एखादी पन्नाशी-साठीची मावशी हवीच, तरुण संघाची पोरं नाक मुरडतील, पण गावात दार तिच्यासाठी उघडतं, आणि पोरांमध्ये भांडण झालं की तेही तीच मिटवते. निवड करताना गाणं कसं म्हणतो, बोलतो कसा हे बघू नका, घरी ताट स्वतः उचलतो का एवढं त्याच्या आईला विचारा.

बुधवारच्या सहा बैठकांतल्या किमान चारला जो आला नाही तो येणार नाही, मग तो सेक्रेटरीचा मुलगा का असेना. आणि मागे राहणाऱ्यांची वेगळी टीम करा. आमच्याकडे बारा जणांची साखळी असते, सहा दिवस रोज सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, प्रत्येकाचा एक तास ठरलेला. यात आजारी, म्हातारी, रजा न मिळालेली माणसं असतात आणि खरं सांगायचं तर ती जास्त मन लावून करतात.

भाषेचं म्हणाल तर मराठी बहुतेकांना कळते, म्हाताऱ्यांना अडखळत. दुभाषी लागतोच. दोन वाक्यं बोला, थांबा. शाब्दिक कोट्या आणि पुण्यातले विनोद घरी ठेवून या. साक्ष पाच मिनिटांची, आणि ती आधी घड्याळ लावून दोनदा म्हणून बघा, नाहीतर पाचाची पंचवीस कधी होतात कळत नाही.

पैसे

गेल्या वेळचा हिशोब देतो, वहीतूनच. नऊ जण, सहा दिवस, एकूण ३४,२०० रुपये, म्हणजे माणशी ३,८००. त्यात जाण्यायेण्याला ११,०००, शिध्याला ९,५००, तिथल्या जीपला ६,०००, प्रथमोपचाराच्या पेटीला १,२००, मंडळीला दानार्पण ४,००० आणि हाताशी २,५००. एसटीने जा, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे पाच बायका असल्या की बराच फरक पडतो. धुळ्यावरून साक्रीमार्गे नवापूर असा रस्ता आहे, रेल्वेने जायचं तर सुरत-भुसावळ लाइन.

शिध्याचे पैसे आठ दिवस आधी पोचवा आणि सामान तिथेच घ्यायला सांगा. पुण्यातून डाळ नेऊ नका, नवापूरच्या तूरडाळीला जीआय मानांकन आहे, तिथे पुण्याची डाळ नेणं म्हणजे कोकणात नारळ नेण्यासारखं. आणि पाळकबाईंमार्फत तिकडच्या बाईंना सांगून ठेवा की रोज कोंबडी कापू नका. त्या ऐकणार नाहीत, पण तीनाच्या जागी एकच कापतील.

दानार्पण खजिनदाराकडे, पावती घेऊन. कोणाची परिस्थिती बघून गलबलून येतं आणि माणूस खिशातून पाचशेची नोट काढतो, मी समजू शकतो, पण तसं करू नका. तुम्ही सहाव्या दिवशी निघून जाता, आणि त्याला दिले मला का नाही हे पाळकसाहेबांना वर्षभर ऐकावं लागतं. जुन्या कपड्यांचंही तेच. आम्ही एकदा दोन पोती कपडे नेले, तिथे जाऊन उघडले तर त्यात उंच टाचांचे सॅन्डल, एक फाटका ब्लेझर आणि कोणाच्या तरी शाळेचा टाय. माझ्या आयुष्यात इतकी लाज मला क्वचित वाटली असेल. द्यायचं तर नवं द्या, मागितलेलं द्या, मंडळीमार्फत द्या.

बॅग

एकच, स्वतःला उचलता येईल अशी. मच्छरदाणी, टॉर्च, ताट-वाटी-पेला स्वतःचं, पातळ चादर, ओआरएस, रोजची औषधं सहाच्या जागी आठ दिवसांची, बायकांनी लागणारं सगळं इथूनच, कारण पाड्यावर दुकान नसतं. कपडे साधे, अंगभर. एकसारखे टी-शर्ट नकोत, त्यावर काही छापलेलं तर अजिबातच नको, गावात शिरताना मोर्चा वाटतो.

आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड. हे का ते पुढे येईल.

तिथला दिवस

साडेपाचला उठायचं, सहाला प्रार्थना, पण पहिली वीस मिनिटं कोणी काही बोलायचं नाही. शहरातल्या माणसाला ही वीस मिनिटं फार जड जातात, पहिल्या दिवशी सगळे खोकतात. नंतर एक शास्त्रभाग, मग पाळकसाहेब सांगतील की आज कुठे जायचं, कोणाला भेटायचं. आपला कार्यक्रम आपल्या खिशात ठेवा, ते जे सांगतील ते काम. एकदा आम्ही बालसभेची जय्यत तयारी करून गेलो, चित्रं, पपेट, सगळं, आणि पाळकसाहेब म्हणाले आज मंडळीच्या घराची कौलं चाळायचीत. दिवसभर कौलं चाळली. त्या दिवशी शिडीखाली उभी राहून लोकांनी आमच्याशी जेवढ्या गप्पा मारल्या तेवढ्या चार सभांत मारल्या नसत्या.

चालत प्रार्थना करायची असेल तर नुसतं चाला, दोघं-दोघं, डोळे उघडे, तोंड बंद. लोकांच्या घरांकडे हात करून मोठमोठ्याने प्रार्थना करत फिरणं बंद करा, त्या घरात राहणाऱ्याला ते कसं दिसत असेल याचा विचार करा. डोंगऱ्या देवाची ठिकाणं असतील, वाघदेव असेल, तिथे पायातलं काढायचं ठिकाण असेल तर आत जाऊ नका, शेरे मारू नका, फोटो तर नकोच.

कोणासाठी प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा: करू का, कशासाठी करू, हात ठेवला तर चालेल का. बायकांसाठी बायकांनी. छोटी करा. घरातली गोष्ट कानावर आली तर ती रात्रीच्या बैठकीत "प्रार्थनेचा विषय" म्हणून सांगू नका, तिला चुगलीच म्हणतात. आणि काहीही झालं तरी "आता गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा" हे वाक्य टीममधल्या कोणाच्याही तोंडून निघता कामा नये. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आहे, सांधे धरून रडणारं पोर दिसलं तर ते थकवा नसेल, त्याला दवाखान्यात न्यायला जीप द्या, चिंचपाड्याला ख्रिस्ती हॉस्पिटल आहे, सरकारी दवाखाने आहेत. डॉक्टर टीममध्ये नसेल तर क्रोसिनची गोळीसुद्धा वाटू नका.

ताटात येईल ते खा. लूकच्या १० व्या अध्यायात प्रभूने शिष्यांना दोघं-दोघं पाठवताना हेच सांगितलंय, ज्या घरी उतराल तिथेच राहा, वाढतील ते खा, घरं बदलत फिरू नका. नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ पहिल्या दिवशी नवलाईची वाटते, तिसऱ्या दिवशी पोरं बॅगेत बिस्किटं शोधतात. बिस्किटं खायचीच तर सगळ्यांसमोर, सगळ्यांना देऊन.

एक गोष्ट सांगायची राहत होती. चौथ्या दिवशी आम्ही एका आजीकडे गेलो, अंगणात ती नागलीचं पीठ मळत होती. आमच्यातल्या एकाने ठरल्याप्रमाणे विचारलं, आजी, तुमच्यासाठी काय प्रार्थना करू? दुभाष्याने सांगितलं, आजीने ऐकलं आणि उलट विचारलं, तुम्ही इतक्या लांबून आलात, तुमचं काय दुखतंय? कोणालाच बोलता येईना. मग आमच्यातला सगळ्यात गप्प मुलगा म्हणाला, माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे. त्याने हे टीमला सहा बुधवारांत एकदाही सांगितलं नव्हतं. आजीने हात पुसायचीही वाट पाहिली नाही, तसाच पिठाचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि मावचीत प्रार्थना सुरू केली, दहा मिनिटं तरी चालली असेल, त्यातला "येशू" एवढाच शब्द आम्हाला कळला. जीपमध्ये बसल्यावरही त्याच्या केसांत पाच बोटांचं पीठ होतं आणि त्याने ते झटकलं नाही.

फोटो: मुलांचे नाहीत, आजाऱ्यांचे नाहीत, प्रार्थनेचे नाहीत. मागच्या साखळीला रोज रात्री एकच मेसेज, गावाचं आणि माणसांचं नाव न घालता, आणि ट्रिप चालू असताना स्टेटसला काहीही टाकायचं नाही.

तिसऱ्या दिवसाचं भांडण

ते होतंच. झोप कमी, पोट बिघडलेलं, नवलाई संपलेली. आमचं भांडण चार्जिंगवरून झालं. घरात एकच बोर्ड, त्यावर नऊ फोन, रांग लागली, कोणी कोणाचा काढला, आवाज चढले, आणि या सगळ्यात कोणाच्या लक्षातच आलं नाही की पाळकसाहेबांचा स्वतःचा फोन आदल्या दुपारपासून बंद पडलाय आणि ते बिचारे काही बोलले नाहीत. त्या रात्री मावशीने सगळे फोन एका पिशवीत घातले आणि पिशवी उशाशी घेऊन झोपली. एकमेकांची माफी मागून झाली ती पण तिच्यासमोरच, उभं राहून, शाळेतल्यासारखी. रोज रात्री पंधरा मिनिटं बसा आणि प्रत्येकाने एकच सांगायचं, आज माझ्याकडून काय चुकलं. दुसऱ्याचं काय चुकलं याला त्या पंधरा मिनिटांत जागा नाही.

कोणी चौकशीला आलं, पोलीस असोत की गावातले लोक, तर बोलायचं पाळकसाहेबांनी आणि टीममधल्या ठरवलेल्या एकाच माणसाने. बसा म्हणा, पाणी द्या, कागद दाखवा, वाद घालू नका, मोबाइल काढून शूटिंग करू नका. निघा म्हणाले आणि पाळकसाहेबांनाही तसंच वाटलं तर निघा. तुम्हाला पुण्याला जायचंय, त्यांना तिथेच राहायचंय.

परत आल्यावर

आठ दिवसांत हिशोब मंडळीपुढे, त्याची एक प्रत नवापूरला. रविवारी साक्ष द्याल तेव्हा "तिथले लोक किती गरीब पण किती आनंदी" हे वाक्य मनाई आहे, ते ऐकून माझं डोकं उठतं. तुम्ही काय शिकलात ते सांगा, आकडे सांगू नका.

वही काढा आणि डावा-उजवा रकाना पुन्हा वाचा, सगळे मिळून. जिथे उत्तर आलं नाही तिथे तसंच लिहा. ज्या पाच-सहा विषयांसाठी तिथे प्रार्थना केली ते आपापसात वाटून घ्या आणि महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, फोन करून विचारा. पाळकसाहेबांना काय हवंय म्हणून फोन नाही, नुसतं कसे आहात म्हणून. बहुतेक टीमा इथेच गळतात, दोन महिन्यांनी फोन थांबतो, आणि पुढच्या नाताळाला पुन्हा टी-शर्टचा रंग.

आणि उलटी ट्रिप करा, म्हणजे त्यांना बोलवा. येत्या मे महिन्यात, ऊसतोडीवरून लोक परत आले की, त्यांच्याकडचे सात जण आमच्याकडे येणार आहेत, रविवारचा संदेश पाळकसाहेब देणार आणि ती आजी पण येतेय, त्या मुलाच्या आईला भेटायचं म्हणून. सहा बुधवार आमचे चालू झालेत. तिसऱ्या आठवड्यात या वेळी त्यांचाच फोन आला, तारखेबद्दल बोलायला, आणि पाळकसाहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाऊ, तुमच्याकडे प्लग किती आहेत?"